कर नाही त्याला डर कशाला? लॅपटॉप, सीमा आणि झडतीची अडीचशे वर्षं

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, लोकलमध्ये एका हातानं कडी धरून वाचायचंय, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जिथे अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी बरंचसं तसंच ठेवलंय.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी मावसबहीण अमेरिकेत एमएस करत होती. सुट्टीत घरी आली, दीड महिना राहिली आणि ऑगस्टमध्ये परत गेली. तिकडच्या विमानतळावर इमिग्रेशनच्या खिडकीवरून तिला बाजूला घेतलं. आधी नेहमीचे प्रश्न: काय शिकतेस, कुठे राहतेस, पैसे कोण देतं. मग म्हणाले, फोन आणि लॅपटॉप दे, पासवर्ड या कागदावर लिही. तिनं लिहून दिला. वीस तासांचा प्रवास झालेला, पुढचं विमान दीड तासात, हातात कॉलेजचे कागद आणि समोर गणवेशातला माणूस. तुम्ही काय केलं असतं? मी पण लिहूनच दिला असता. दोन्ही वस्तू आतल्या खोलीत गेल्या आणि पन्नास मिनिटांनी परत आल्या. वेलकम बॅक.

काही सापडलं नाही, कुणी उद्धट बोललं नाही. पुढचं विमान तेवढं चुकलं. पण रात्री तिचा फोन आला तेव्हा ती एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होती, "दादा, त्यांनी नक्की काय बघितलं असेल रे?" त्या लॅपटॉपमध्ये मावशीचे बायोप्सीचे रिपोर्ट होते. ते मावशीनं तोपर्यंत घरात दुसऱ्या कुणालाही दाखवले नव्हते. लेकीला तेवढे स्कॅन करून दिले होते, तिकडच्या डॉक्टरला विचार म्हणून. म्हणजे जी गोष्ट मावशीच्या नवऱ्याला माहीत नव्हती, ती कदाचित एका परक्या देशातल्या अधिकाऱ्याच्या डोळ्यांखालून गेली होती. कदाचित. कारण काय बघितलं हे तिला कुणी सांगितलं नाही आणि तिनंही विचारलं नाही.

हे घरी कळलं (रिपोर्टचं नाही, झडतीचं), तेव्हा आमचे मामा जेवता जेवता म्हणाले, "कर नाही त्याला डर कशाला?"

ही म्हण माझ्या डोक्यातून जाईना. या म्हणीतला 'कर' म्हणजे करणी, हे मला माहीत आहे. पण गंमत बघा, सीमेवरच्या झडतीची सगळी गोष्ट सुरू होते ती दुसऱ्या अर्थाच्या 'करा'पासून. टॅक्स. जकात.

जकात नाका आपल्याला नवा नाही. मुंबईत मुलुंडला, दहिसरला ट्रकांच्या रांगा लागायच्या त्या कशासाठी? माल शहरात येतोय, जकात भरा. २०१७ च्या जुलैमध्ये जीएसटी आला आणि मुंबईतली जकात गेली, पण रिक्षावाला आजही 'चेक नाका' म्हटलं की बरोबर सोडतो. नाक्यावरचा माणूस ताडपत्री वर करून काय बघायचा? माल. ड्रायव्हरच्या खिशातलं पत्र त्यानं काढून वाचलं असतं तर मारामारी झाली असती. आजच्या भागाचा सगळा विषय एवढाच आहे: माल बघायचा अधिकार पत्र वाचण्यापर्यंत कसा गेला.

आता थोडं मागे जाऊ. १७६१, फेब्रुवारी महिना, बॉस्टन. तेव्हा अमेरिका हा देशच नव्हता, इंग्रजांच्या वसाहती होत्या. तिथले व्यापारी इंग्रजांचा कर चुकवून काकवी आणत. काकवी म्हणजे मळी, रम बनवायला लागते ती. ही चोरी पकडायला कस्टमच्या अधिकाऱ्यांकडे एक कागद असायचा, 'रिट ऑफ असिस्टन्स'. हा कागद हातात असला की दिवसाउजेडी कुठल्याही घरात, दुकानात, गोदामात घुसायचं. कुणाच्या घरात, कशाच्या संशयावरून, काहीच लिहायची गरज नाही. कागदाची मुदत? राजा जिवंत आहे तोवर, आणि त्यानंतर सहा महिने. १७६० च्या ऑक्टोबरमध्ये दुसरा जॉर्ज वारला आणि कागद नव्यानं काढायची वेळ आली. व्यापाऱ्यांनी कोर्ट गाठलं. त्यांच्या बाजूनं जेम्स ओटिस नावाचा वकील उभा राहिला. हा खरं तर सरकारी वकील होता, पद सोडून इकडे आला होता. तो काही तास बोलला. मुद्दा साधा होता: माणसाचं घर हा त्याचा किल्ला आहे, आणि हा कागद प्रत्येक फालतू अधिकाऱ्याला त्या किल्ल्याची किल्ली देतो.

ओटिस केस हरला. पण कोर्टात मागे बसून एक पंचविशीचा वकील ऐकत होता, जॉन ॲडम्स. पुढे तो अमेरिकेचा दुसरा राष्ट्राध्यक्ष झाला, आणि म्हातारपणी त्यानं लिहून ठेवलं की स्वातंत्र्याचा जन्म त्या दिवशी त्या खोलीत झाला. थोडी अतिशयोक्ती धरून चालू. तरी कस्टमच्या झडतीचा राग हे अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाचं एक कारण होतं, हे खरं.

मग स्वतंत्र झाल्यावर या लोकांनी काय केलं? इथे मला हसू येतं. नवं सरकार, तिजोरी रिकामी, उत्पन्नाचं मुख्य साधन आयात कर. ३१ जुलै १७८९ ला पहिल्याच काँग्रेसनं कस्टमचा कायदा केला आणि अधिकाऱ्यांना सांगितलं, संशय आला तर कुठल्याही जहाजावर चढा, शोधा, माल जप्त करा. वॉरंट नको. दोनच महिन्यांनी त्याच सभागृहानं घटनेची चौथी दुरुस्ती मांडली, नागरिकांची घरं, कागदपत्रं आणि सामान यांना वाटेल तशा झडतीपासून संरक्षण देणारी. म्हणजे तेच लोक, तेच बाक. एका हातानं झडतीचा अधिकार दिला, दुसऱ्या हातानं काढून घेतला. पुढची दोनशे वर्षं न्यायाधीश याचा अर्थ असा लावत आले की सीमा ही वेगळी गोष्ट आहे, तिथे वॉरंट लागत नाही.

पण त्या १७८९ च्या कायद्यातच एक बारीक ओळ आहे आणि माझ्या मते आजचा सगळा वाद त्या ओळीत आहे. जहाजाला वॉरंट नको. पण आयात केलेला चोरटा माल कुणाच्या घरात दडवलाय असं वाटलं, तर मात्र न्यायाधीशाकडे जा, शपथेवर सांगा, वॉरंट आणा आणि मग घरात शिरा. जहाज वेगळं, घर वेगळं.

तर प्रश्न हा: लॅपटॉप म्हणजे जहाज की घर?

लॅपटॉपकडे यायच्या आधी दोन थांबे घेतो. पहिला आपल्याकडचा. ब्रिटिशांनी हिंदुस्थानात १८७८ मध्ये सागरी जकात कायदा केला. त्यात काय देशात येऊ द्यायचं नाही हे ठरवायचा अधिकार सरकारला होता. कायदा मालासाठी, पण हळूहळू तो पुस्तकांसाठी वापरला जायला लागला. १९०९ मध्ये सावरकरांचं १८५७ वरचं पुस्तक याच मार्गानं अडवलं गेलं. प्रती तरीही आल्या. जाडजूड इंग्रजी कादंबऱ्यांची वेष्टणं चढवून आल्या असं सांगितलं जातं. त्याच वर्षी लंडनच्या इंडिया हाउसमधला स्वयंपाकी चतुर्भुज अमीन मुंबईला परतला तेव्हा त्याच्या पेटीला खोटा तळ होता आणि त्याखाली २० ब्राउनिंग पिस्तुलं. त्यातल्याच एका पिस्तुलानं २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकमध्ये कलेक्टर जॅक्सनला गोळी घातली गेली. तुमचं सावरकरांबद्दलचं मत काहीही असो, मला इथे फक्त पेटी दाखवायची आहे. एका पेटीत पिस्तूल, एका पेटीत पुस्तक, आणि कायदा दोन्हीला एकाच नजरेनं बघतोय. सरकारला खरी भीती कुठल्या पेटीची जास्त होती, हा वेगळ्या भागाचा विषय आहे.

दुसरा थांबा १९७७. अमेरिकेचं सुप्रीम कोर्ट, रॅमसे खटला. न्यूयॉर्कच्या टपाल केंद्रात कस्टमच्या अधिकाऱ्याला थायलंडहून आलेले काही लिफाफे जाड वाटले. त्यानं वॉरंटशिवाय उघडले, आत हेरॉइन निघालं. कोर्ट म्हणालं, चालेल, सीमेवरून येणारा लिफाफाही सामानच. पण त्याच निकालात कोर्टानं नोंदवलं की सरकारच्याच नियमाप्रमाणे लिफाफा उघडला तरी आतलं पत्र वॉरंटशिवाय वाचायचं नाही. १९७७ पर्यंत नाक्यावरची ती जुनी सभ्यता शाबूत होती. माल बघा, पत्र वाचू नका.

आणि मग पत्र आणि पेटी एकच झाली.

जुलै २००५, लॉस एंजेलिस विमानतळ. फिलिपीन्सहून आलेल्या एका प्रवाशाला अधिकाऱ्यांनी लॅपटॉप सुरू करायला सांगितलं. स्क्रीनवर फोटोंची दोन फोल्डर दिसली, ती उघडली, आणखी शोधलं, आणि लहान मुलांच्या शोषणाची चित्रं सापडली. हा आर्नल्ड खटला. खालच्या कोर्टाच्या न्यायाधीशानं म्हटलं की अशी साठवण ही माणसाच्या स्मरणशक्तीसारखी आहे, काहीतरी संशय असल्याशिवाय त्यात शिरता येणार नाही. २००८ मध्ये अपील न्यायालयानं ते उलटवलं. लॅपटॉप हे सामान आहे, बॅगेसारखं. आरोपीचे वकील म्हणाले, अहो, घरात जेवढं असतं तेवढं यात असतं, याला घरासारखं वागवा. त्यावर कोर्टाच्या उत्तराचा मथितार्थ असा की लॅपटॉपमध्ये कुणी राहू शकत नाही.

मावसबहिणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मी तर त्यातच राहते."

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. सीमेवरच्या लॅपटॉपचे जे खटले कोर्टात टिकतात, त्यातले बरेचसे अशाच गुन्ह्यांचे असतात. साहजिक आहे. ज्याच्याकडे काही सापडत नाही त्याच्यावर खटलाच होत नाही, तो पुढचं विमान चुकवून घरी जातो. त्यामुळे न्यायाधीशासमोर येतो तो नेहमी ज्याच्याबद्दल कुणालाच सहानुभूती नाही असा माणूस, आणि नियम ठरतो त्याच्याकडे बघून. लागू होतो मात्र माझ्या मावशीच्या रिपोर्टना.

आता एक किस्सा, जो मला या सगळ्या इतिहासात सर्वात जास्त आवडतो. डिसेंबर २००६, अमेरिकेतलं व्हर्मॉन्ट राज्य, कॅनडाच्या हद्दीवरचं डर्बी लाइन हे ठाणं. एका माणसाची गाडी थांबवली. मागच्या सीटवर लॅपटॉप, चालू. अधिकाऱ्यांनी बघितलं, 'झेड' नावाच्या ड्राइव्हमध्ये गंभीर गुन्ह्याच्या फायली दिसल्या. माणसाला अटक, लॅपटॉप ताब्यात, आणि लॅपटॉप बंद केला. काही दिवसांनी तज्ज्ञांनी डिस्कची नक्कल काढून उघडायला घेतली तर झेड ड्राइव्ह उघडेचना. ती पीजीपी नावाच्या प्रोग्रॅमनं कुलूपबंद केलेली होती. चालू होता तेव्हा कुलूप उघडं होतं. बंद केल्याबरोबर लागलं. पोलिसांनी स्वतःच्या हातानं लावलेलं कुलूप!

मग प्रश्न आला, आरोपीकडून पासवर्ड काढून घेता येतो का? २००७ मध्ये एका न्यायाधीशानं सांगितलं, नाही, डोक्यातला पासवर्ड वदवून घेणं म्हणजे त्याला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावणं. २००९ मध्ये वरच्या न्यायाधीशानं सांगितलं, पासवर्ड सांगू नको, पण ड्राइव्ह उघडून दे, कारण आत काय आहे ते अधिकाऱ्यांनी आधीच पाहिलंय.

आणि या पीजीपीची स्वतःची सीमेची गोष्ट आहे. फिल झिमरमन नावाच्या माणसानं १९९१ मध्ये तो लिहिला आणि फुकट वाटला. प्रोग्रॅम इंटरनेटवरून देशाबाहेर गेला. तेव्हा अमेरिकन कायद्यात मजबूत एन्क्रिप्शन हे युद्धसाहित्याच्या यादीत होतं, तोफा-दारूगोळ्याच्या पंक्तीला. झिमरमनवर शस्त्रांच्या निर्यातीची चौकशी सुरू झाली. मग काय झालं? १९९५ मध्ये एमआयटीच्या प्रकाशन संस्थेनं त्या प्रोग्रॅमचा सगळा कोड पुस्तक म्हणून छापला. फ्लॉपीवर असेल तर शस्त्र, कागदावर असेल तर अभिव्यक्तिस्वातंत्र्य. बाहेरच्या देशात पुस्तक घ्या, स्कॅन करा, प्रोग्रॅम तयार. १९९६ च्या जानेवारीत सरकारनं चौकशी गुंडाळली. खोट्या तळाची पेटी आणि खोट्या वेष्टणाचं पुस्तक यांच्या शेजारी मी हे तिसरं पुस्तक ठेवतो, ज्याला वेष्टणाचीही गरज पडली नाही.

नंतरचा इतिहास जरा पटापट सांगतो, कारण तो खेचाखेचीचा आहे. २०१३ मध्ये पश्चिमेकडच्या त्याच अपील न्यायालयानं थोडं मागे घेतलं: नुसतं चाळून बघा, पण लॅपटॉप प्रयोगशाळेत नेऊन खोदून काढायचा असेल तर वाजवी संशय हवा. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानं रायली खटल्यात एकमतानं सांगितलं की अटक केलेल्या माणसाचाही फोन पोलिसांनी वॉरंटशिवाय बघायचा नाही. सरकारचं म्हणणं होतं, फोन बघणं म्हणजे खिसा तपासण्यासारखंच. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी त्याची खिल्ली उडवली: घोड्यावरची रपेट आणि चंद्रावरची स्वारी दोन्ही इकडून तिकडे नेतात म्हणून सारख्याच, असं म्हणण्यासारखं आहे हे. वाटलं, आता सीमेवरही असंच होणार. झालं नाही. सीमेवरच्या फोन-लॅपटॉपचा प्रश्न सुप्रीम कोर्टानं आजवर हातातच घेतलेला नाही. त्यामुळे कॅलिफोर्नियात उतरलात तर एक नियम, फ्लोरिडात उतरलात तर दुसरा, कारण तिकडच्या अपील न्यायालयाच्या मते कसलाही संशय लागत नाही. न्यूयॉर्कमध्ये २०२३ आणि २०२४ मध्ये दोन जिल्हा न्यायाधीशांनी तर सीमेवरही वॉरंट हवं असं म्हटलंय. तिकीट काढताना आपण भाडं बघतो, लेओव्हर बघतो. यापुढे अपील न्यायालय पण बघायचं का?

मधल्या काळात ११ प्रवाशांनी मिळून २०१७ मध्ये बॉस्टनमध्ये दावा लावला होता. ओटिसचंच गाव, योगायोग. त्यात पत्रकार होते, आणि नासाच्या प्रयोगशाळेतला एक इंजिनिअर होता. तो सौर गाड्यांच्या शर्यतीहून परतत होता आणि हातातला फोन ऑफिसचा होता. एक मुस्लिम बाई होती. तिचं म्हणणं, फोनमध्ये माझे आणि माझ्या मुलींचे हिजाबाशिवायचे फोटो आहेत, पुरुष अधिकाऱ्यानं बघू नयेत. या ११ जणांपैकी १० अमेरिकन नागरिक होते. ते २०१९ मध्ये बरंचसं जिंकले आणि २०२१ मध्ये अपिलात हरले.

आकडे सांगतो म्हणजे उगाच घबराट नको. २०१५ च्या आर्थिक वर्षात अमेरिकेच्या सीमेवर साधारण साडेआठ हजार उपकरणं तपासली गेली. २०१७ मध्ये सुमारे ३० हजार. २०२४ मध्ये सुमारे ४७ हजार. पण त्या वर्षी सीमा ओलांडणारे होते ४२ कोटी. म्हणजे दहा हजारांत एकाच्या जवळपास. तुमच्यावर ही वेळ येण्याची शक्यता अगदी कमी आहे. आली तर मात्र ती शंभर टक्के येते, अर्धवट येत नाही.

नक्कल काढली गेली तर पुढे काय होतं, हेही माहीत असू द्या. २०२२ मध्ये रॉन वायडन या सिनेटरनं उघड केलं की वर्षाला १० हजारांपर्यंत उपकरणांमधला मजकूर एका सरकारी डेटाबेसमध्ये जातो, तो १५ वर्षं राहू शकतो आणि सुमारे २,७०० अधिकारी तो वॉरंटशिवाय चाळू शकतात. तुम्ही २३ व्या वर्षी जे लिहिलं ते तुमच्या ३८ व्या वर्षापर्यंत.

हे फक्त अमेरिकेत नाही. ब्रिटनमध्ये दहशतवादविरोधी कायद्याचं सातवं परिशिष्ट आहे. त्याखाली २०१३ मध्ये डेव्हिड मिरांडा यांना, म्हणजे स्नोडेनच्या बातम्या देणारे पत्रकार ग्लेन ग्रीनवाल्ड यांच्या जोडीदाराला, लंडनच्या हीथ्रोवर जवळजवळ नऊ तास बसवून ठेवलं आणि त्यांच्याकडची सगळी उपकरणं काढून घेतली. तिथे पासवर्ड नाकारणं हाच गुन्हा ठरू शकतो. न्यूझीलंडमध्ये २०१८ पासून नकाराला ५ हजार डॉलरपर्यंत दंड आहे. उलट कॅनडात २०२० मध्ये अल्बर्टाच्या अपील न्यायालयानं स्पष्ट म्हटलं की फोन-लॅपटॉपला बॅग समजणं आता पुरे.

बरं, मग करायचं काय? मी वकील नाही, इतिहास सांगणारा माणूस आहे. पण इतिहासातूनच काही गोष्टी निघतात.

डर्बी लाइनचा किस्सा आठवा. लॅपटॉप नुसता झाकून नेऊ नका, झोपलेला लॅपटॉप म्हणजे चालू लॅपटॉप. विमान उतरायच्या आधी पूर्ण बंद करा. २००८ मध्ये प्रिन्स्टनच्या संशोधकांनी दाखवलं होतं की वीज गेल्यावरही मेमरीत कुलपाची किल्ली थोडा वेळ रेंगाळते, आणि मेमरी थंड केली तर आणखी जास्त वेळ. पण कुलूप आधी लावलेलं असलं पाहिजे ना! विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा 'डिव्हाइस एन्क्रिप्शन', मॅकमध्ये फाइलव्हॉल्ट. सेटिंगमध्ये जाऊन आजच बघा चालू आहे का. नुसता लॉगिनचा पासवर्ड म्हणजे कुलूप नव्हे, तो दाराचा पडदा आहे. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली की सगळं दिसतं. फोनही बंद करून न्या. बंद करून सुरू केलेला फोन पहिल्यांदा बोट किंवा चेहरा मानत नाही, आकडेच मागतो.

पण कुलपाचा उपयोग कुठपर्यंत? अधिकारी म्हणाला उघड, तर? इथे तुमचा पासपोर्ट बोलतो. अमेरिकन नागरिकाला पासवर्ड दिला नाही म्हणून देशात येऊ देणं नाकारता येत नाही. उपकरण ठेवून घेतील, तासन्‌तास बसवतील, पण आत सोडावं लागतं. विद्यार्थी व्हिसावाल्याला मात्र परतीच्या विमानात बसवू शकतात. त्यामुळे इंटरनेटवरचा 'तुझे हक्क आहेत, ठाम नकार दे' हा सल्ला वाचताना तो कुणी कुणासाठी लिहिलाय ते बघा. आणि २०२५ च्या जूनपासून विद्यार्थी व्हिसा मागणाऱ्यांना सोशल मीडियाची खाती सगळ्यांना दिसतील अशी ठेवायला सांगितलंय. म्हणजे झडती आता विमानतळाच्या आधीच, घरबसल्या सुरू होते.

खोटं मात्र कधीच बोलू नका. पासवर्ड द्यायचा की नाही हा एक प्रश्न आहे, 'माझ्याकडे दुसरा फोन नाही' असं खोटं सांगणं हा वेगळा गुन्हा आहे. उपकरण ठेवून घेतलं तर पावती मागा. तो ६०५१-डी नावाचा फॉर्म असतो. २०१८ च्या त्यांच्याच नियमाप्रमाणे तपासताना नेटवर्क बंद ठेवायचं असतं, म्हणजे उपकरणात असलेलंच बघायचं, क्लाउडमधलं नाही. नम्रपणे 'एअरप्लेन मोडवर टाकू का' असं विचारायला हरकत नाही. परत मिळाल्यावर पासवर्ड बदला, सगळे.

आणि खरा उपाय, जो चतुर्भुज अमीनला शक्य नव्हता आणि आपल्याला आहे: पेटीत ठेवूच नका. पिस्तूल नेल्याशिवाय पोचत नाही, फाइल पोचते. जायच्या आधी बॅकअप घरी ठेवा किंवा स्वतःच्या कुलपासकट क्लाउडवर टाका, लॅपटॉपवर कामापुरतं ठेवा, खात्यांतून लॉग आउट करा, पोचल्यावर हवं ते उतरवून घ्या. आदल्या रात्री घाईघाईत डिलीट करणं म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका फाडण्यासारखं आहे, पानं आतच राहतात आणि खोदणाऱ्याला मिळू शकतात. काही कंपन्या बाहेरगावी जाणाऱ्यांना वेगळा रिकामा लॅपटॉप देतात, तुमच्या ऑफिसला विचारा. ऑफिसचा डेटा तुमचा नाही, त्यामुळे तो दाखवायचा निर्णयही तुमच्या एकट्याचा नाही. आणि अगदी कोरा, कालच विकत घेतल्यासारखा लॅपटॉपही घेऊन जाऊ नका. दोन वर्षं शिकणाऱ्या मुलीच्या लॅपटॉपवर एकही असाइनमेंट नाही, हे बघून माझ्याही भुवया वर जातील.

मामांना मी हे सगळं एका रविवारी सांगितलं. ओटिस आवडला त्यांना. पीजीपीचं पुस्तक जास्त आवडलं. शेवटी म्हणाले, "बरोबर आहे तुझं, पण त्यांच्या देशात जायचं तर त्यांचे नियम." मी म्हटलं, मामा, तुमचा फोन द्या बघू जरा, अनलॉक करून. त्यांनी फोन उचलला आणि शर्टाच्या खिशात ठेवला. मामी हसायला लागल्या.

मावशीची ट्रीटमेंट संपली, आता बरी आहे, आणि घरात सगळ्यांना सगळं माहीत आहे. मावसबहीण गेल्या डिसेंबरात येऊन गेली. निघताना लॅपटॉपमध्ये दोन सेमिस्टरच्या नोट्स, थोडे फोटो आणि एक मराठी सिनेमा होता. रिपोर्टची फाइल मावशीच्या कपाटात, साड्यांच्या खाली, प्लास्टिकच्या पिशवीत आहे.

पुढच्या भागात पासपोर्टवरच्या फोटोचा इतिहास. तोपर्यंत, लॅपटॉपची ती सेटिंग बघितलीत का?